अजय-विजयचं घर नक्की कुणाचं? आठवीच्या इंग्रजी सराव पेपरातले दोन प्रश्न

ढोकाळीची_निमा

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, यंदा शिष्यवृत्तीला बसलाय. घराजवळच्याच एका क्लासला जातो. परवा सराव पेपर झाला. तृतीय भाषेचे २५ प्रश्न, त्यातले दोन चुकले म्हणून घरी येऊन दप्तर आपटलं. म्हटलं, बघू तरी काय चुकलंय. बघितलं आणि आता माझंच डोकं फिरलंय.

कळफलक सारखा बदलायचा कंटाळा आहे, त्यामुळे इंग्रजी वाक्यं देवनागरीतच गोड मानून घ्या.

पहिला प्रश्न: ही इज वन ऑफ दोज बोलर्स हू नेव्हर ___ अप. पर्याय 'गिव्ह' आणि 'गिव्ह्ज'. लेकाने 'गिव्ह' रंगवलं. क्लासच्या उत्तरतालिकेत 'गिव्ह्ज'.

दुसरा: धिस इज ___ हाउस. एका पर्यायात 'अजय अँड विजय' आणि ॲपॉस्ट्रॉफी एस फक्त विजयला. दुसऱ्यात अजयलाही आणि विजयलाही. लेकाने पहिला घेतला, तालिका म्हणते दुसरा.

मला दोन्हीकडे पोरगं बरोबर वाटतंय. पण मी मराठी माध्यमाची, एबीसीडी पाचवीत पहिल्यांदा गिरवलेली. क्लासमध्ये जाऊन भांडायचं तर आधी खात्री हवी. जाणकारांनी सांगा. आणि भांडावं का, तेही सांगा.

सानपाड्याचा_सोन्या

आधी हे सांगा, दोघा भावांची वाटणी झालीये का?

खाडीपलीकडचा

सोन्याशी सहमत. सातबारा बघितल्याशिवाय ॲपॉस्ट्रॉफी लावू नये.

फळा_आणि_खडू

निमाताई, मुलाला शाबासकी द्या. ऐरोलीला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेऊ. वस्तू एक आणि मालकी सामाईक असेल तर ॲपॉस्ट्रॉफी एस शेवटच्या नावाला एकदाच. दोघांच्या वस्तू वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक नावाला, आणि मग पुढचं नामही बहुतेक वेळा अनेकवचनी होतं. वाक्यात 'धिस इज' आहे, 'हाउस' एकच आहे. तेव्हा घर सामाईक. सोन्याने थट्टेत विचारलं खरं, पण प्रश्नाचं मर्म तेच आहे.

पहिल्या प्रश्नातला सगळा घोळ 'हू' कुणाला चिकटतो याचा आहे. वाक्य मराठीत म्हणून बघा: 'कधीच हार न मानणाऱ्या गोलंदाजांपैकी तो एक.' हार न मानणारे कोण? गोलंदाज. अनेक. म्हणून 'हू' अनेकवचनी आणि क्रियापद 'गिव्ह'. हाच नियम शाळेच्या व्याकरणात असतो.

मग तालिकेत 'गिव्ह्ज' कुठून आलं? माझा अंदाज सांगतो. 'वन ऑफ द बॉइज इज ॲब्सेंट' हे सगळ्यांना पाठ असतं. तिथे 'हू' नाही, कर्ता 'वन' आहे, त्यामुळे क्रियापद एकवचनीच. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात 'वन ऑफ दिसलं की एकवचन' एवढंच राहिलं आणि 'हू' नजरेतून सुटला. अर्धा नियम पाठ असला की असंच होतं.

एक कबुली मात्र द्यायला हवी. 'वन ऑफ दोज हू' नंतर एकवचनी क्रियापद चांगल्या इंग्रजी लेखकांच्या लिखाणातही सापडतं. लिहिणाऱ्याचं मन त्या एका माणसावर खिळलेलं असतं. त्यामुळे 'गिव्ह्ज' हे घोर पाप नव्हे. पण परीक्षेत एकच उत्तर द्यायचं तर 'गिव्ह'. आणि 'द ओन्ली वन ऑफ' असं असेल तर उलट, तिथे एकवचनच.

घणसोली_अभ्यासिका

सर, दंडवत. पण मी वेगळं बोलणार.

चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. सकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिकेत बूड टेकवून बसतो. तिथे एक शिकलो: बरोबर काय आणि पेपर काढणाऱ्याला बरोबर काय वाटतं, हे दोन वेगळे विषय आहेत आणि गुण दुसऱ्या विषयाचे मिळतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणाऱ्या परीक्षा असतात, तिथे तत्त्वाला धरून बसलात तर दुहेरी नुकसान.

स्वानुभव. एका भरतीच्या पेपरात 'नायदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स ___' असा प्रश्न होता. नियम साधा आहे, क्रियापदाला जवळचा कर्ता जो, त्याचं वचन. टीचर्स जवळ, म्हणून 'वेअर'. पहिल्या उत्तरतालिकेत 'वॉज'. मी हरकत घेतली. शुल्क भरलं, तीन पुस्तकांच्या पानांचे फोटो जोडले, रात्री दोनपर्यंत जागून अर्ज केला. अंतिम तालिकेत तो प्रश्न रद्द. मी नाचलो! मग मित्राने समजावलं की रद्द म्हणजे बरोबर लिहिणारा आणि चुकलेला एकाच पंगतीला. शुल्क गेलं ते गेलंच.

निमाताई, भांडू नका. पोराला क्लासची तालिका ओळखायला शिकवा.

पाटी_पेन्सिल

अभ्यासिकादादा, तुमचं दुःख समजतं, पण आठवीच्या पोराला हे शिकवायचं? मग इंग्रजी कधी शिकायचं त्याने?

घणसोली_अभ्यासिका

पोस्टिंग मिळाल्यावर.

गाळा_नंबर_विसरलो

हा धागा वाचून हसू आलं. वडिलांचा वाशीच्या मार्केटात फळांचा धंदा, मीही तिथेच. शाळेत मला 'अ बॉक्स ऑफ मँगोज हॅज अराइव्ह्ड' यात 'हॅज' का 'हॅव' हे काही केल्या कळायचं नाही. मी प्रत्येक वेळी 'हॅव' लिहायचो. आंबे पाच डझन आणि क्रियापद एकवचनी?

एकदा गाळ्यावर उभा असताना हमाल ओरडला, 'आंब्यांची पेटी आली!' तेव्हा टाळक्यात उजेड पडला. मराठीत आपण 'आंब्यांची पेटी आले' असं मेलो तरी म्हणणार नाही. कारण आपल्याकडे पेटी क्रियापदाला चिकटून उभी असते, आंबे मागे. इंग्रजीत पेटी पुढे निघून जाते आणि क्रियापदाच्या कानाशी आंबे बसतात. ते कानात सांगतात, 'हॅव म्हण, हॅव म्हण.' चूक त्यातून होते.

पुतण्याला मी असंच शिकवतो. वाक्य आधी मराठीत म्हण, क्रियापदाला खेटून कोण उभं आहे ते बघ, तो तुझा कर्ता.

फळा_आणि_खडू

गाळेवाले, एकतीस वर्षांत हे मला सुचलं नाही. आम्ही आपले 'ऑफपासून पुढचं कंसात टाका' सांगत राहिलो. तुमची पेटी वर्गात न्यायला हवी होती.

एक सावधगिरी. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' ला ही युक्ती लावताना जपून. 'द नंबर ऑफ' म्हणजे संख्या, ती एकवचनी. 'अ नंबर ऑफ' म्हणजे बरेचसे, आणि बरेचसे अनेकवचनी. मराठीत नीट म्हटलं तर तेही आपोआप सुटतं: 'विद्यार्थ्यांची संख्या वाढली', 'बरेच विद्यार्थी आले'.

सानपाड्याचा_सोन्या

पेटी आली, पण आम्हाला कुणी फोड दिली नाही.

पाटी_पेन्सिल

मी खारघरला घरी शिकवण्या घेते, पाचवी ते आठवी, सगळी मराठी माध्यमाची मुलं. निमाताईंच्या दुसऱ्या प्रश्नावरून माझी युक्ती सांगते.

मुलांना ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर, हे कधीच लक्षात राहत नाही. मी फळ्यावर दोन ओळी लिहिते: 'मुलाचा डबा' आणि 'मुलांचा डबा'. फरक काय? एक टिंब. 'ला' वर अनुस्वार आला की डबा अनेकांचा. इंग्रजीत ते टिंब शेपटी काढून जरा उजवीकडे सरकतं, एवढंच. मराठीत अनुस्वार असेल तर ॲपॉस्ट्रॉफी एसच्या पुढे, नसेल तर एसच्या मागे. पोरं दोन दिवसांत शिकतात. 'चिल्ड्रन' आणि 'मेन' वेगळे सांगावे लागतात, कारण त्यांच्या अनेकवचनाला एसच नाही, मग ॲपॉस्ट्रॉफीला पुढे जायला जागा कुठे? तो बिचारा मागेच थांबतो.

चष्मा_कुठे_ठेवला

पाटीताई, झकास. पण 'बाबांचं ऑफिस'?

पाटी_पेन्सिल

हाहा, पकडलंत! ती खरीच फजिती झाली होती. एका मुलीने निबंधात 'माय फादर' ला एस लावून पुढे ॲपॉस्ट्रॉफी दिला, म्हणजे अनेक वडिलांचं ऑफिस. मी लाल शाई उचलली तर म्हणते, 'बाई, तुम्हीच सांगितलंत ना, बाबांचं वर अनुस्वार आहे.' निरुत्तर! आदरार्थी अनुस्वार वेगळा, हे तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते. बाबा, आजोबा, सर यांना मराठीत मान द्यायचा, इंग्रजीत ते बिचारे एकटेच.

फळा_आणि_खडू

आदरार्थी बहुवचन हा वेगळाच धडा आहे. 'सर आर नॉट इन द स्टाफरूम' हे वाक्य मी निवृत्तीच्या दिवशीही ऐकलं. माझ्याबद्दलच होतं. दुरुस्त केलं नाही, बरं वाटलं.

कळवा_ते_कॅलिफोर्निया

घणसोलीच्या दादाची हरकत वाचून एक किस्सा आठवला. इथे अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेआधी शाळेतली मुलं तिची रंगीत तालीम म्हणून पीसॅट देतात. ऑक्टोबर २००२ च्या पेपरात वाक्यातली चूक शोधायचा प्रश्न होता. वाक्याची सुरुवात अशी: 'टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर टू क्रिएट नॉव्हेल्स...' तालिकेनुसार वाक्यात चूक नाही.

मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली. म्हणणं असं की 'मॉरिसन्स' हे षष्ठीचं रूप आहे, ते विशेषणासारखं काम करतं, म्हणून 'हर' हे सर्वनाम त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही. असा नियम काही व्याकरणांच्या पुस्तकांत खरोखरच आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी ऐकलं नाही, पण शिक्षक चिवट. शेवटी २००३ मध्ये प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले.

गंमत पुढेच आहे. त्यानंतर भाषातज्ज्ञ त्या नियमावरच तुटून पडले. इंग्रजीत शतकानुशतकं लोक असंच लिहितात, चांगले चांगले लेखकही लिहितात, मग हा नियम आला कुठून? म्हणजे बरोबर वाक्य परीक्षेतून हद्दपार झालं आणि पुस्तकी नियम जिंकला. आणि वाक्य कुणाबद्दल, तर १९९३ ची साहित्याची नोबेल विजेती लेखिका!

चष्मा_कुठे_ठेवला

म्हणजे त्या नियमाने 'निमाच्या लेकाने तिला पेपर दाखवला' हे वाक्यही चूक? 'तिला' म्हणजे निमाला, हे शेंबडं पोरही सांगेल.

खाडीपलीकडचा

मराठीत आणखी गोंधळ करता येईल. 'मॉरिसनच्या प्रतिभेने तिला लिहितं केलं.' प्रतिभाही स्त्रीलिंगी. मग 'तिला' म्हणजे कुणाला, लेखिकेला की प्रतिभेला?

फळा_आणि_खडू

लेखिकेला. प्रतिभेला म्हणायचं असतं तर 'स्वतःला' आलं असतं. काही गाठी मराठीनं आधीच सोडवून ठेवल्या आहेत.

माजिवड्याचा_मुकादम

कशाला एवढा कीस पाडताय? इंग्रज गेले, ॲपॉस्ट्रॉफी ठेवून गेले. आमच्या सोसायटीत 'व्हिजिटर्स पार्किंग' ची पाटी आहे, ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. म्हणजे एकाच पाहुण्याची गाडी लावायची. वॉचमन तो नियम अगदी काटेकोर पाळतो.

आणि राम मारुती रोडवरून चालत जाताना पाट्या वाचा एकदा. 'लेडीज' हा शब्द किती तऱ्हांनी लिहिता येतो हे कळेल. एका शिंप्याच्या पाटीवर तर 'लेडी' नंतर ॲपॉस्ट्रॉफी, मग एस. बाई एकच, पण ब्लाउज मात्र वेळेत देत नाही.

चष्मा_कुठे_ठेवला

मुकादम, खुद्द इंग्रजांकडेही हीच रड आहे. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने तिकडे २००१ मध्ये ॲपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क संस्था काढली होती. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणाले, अज्ञान आणि आळस जिंकला. वॉटरस्टोन्स या मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनी तर २०१२ मध्ये स्वतःच्या नावातलाच ॲपॉस्ट्रॉफी काढून टाकला. पुस्तकं विकणाऱ्यांची ही कथा, तर ठाण्याच्या शिंप्याला काय बोल लावायचा?

कळवा_ते_कॅलिफोर्निया

शिवाय ॲपॉस्ट्रॉफी ही मुळात गळलेल्या अक्षराची खूण. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा एक प्रत्यय 'एस' च्या आधी 'ई' घेऊन यायचा. ती 'ई' बोलण्यातून गेली, तिच्या जागी ही शेपटी आली. 'इट्स' चा घोळही जुनाच आहे. आज 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स' ला ॲपॉस्ट्रॉफी दिला की शिक्षक गुण कापतात, पण अठराव्या शतकातल्या छापील पुस्तकांत त्याच अर्थाने ॲपॉस्ट्रॉफीसकट सर्रास सापडतो.

सीवूड्सची_सई

मला कुणीतरी 'टीम इज' की 'टीम आर' ते सांगा. नवऱ्याशी पैज लागलीये. तो म्हणतो, क्रिकेटच्या बातम्यांत 'इंडिया आर' लिहितात, म्हणजे तेच बरोबर.

फळा_आणि_खडू

ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं. संघ एकजीव धरला तर 'इज', अकरा माणसं धरली तर 'आर'. क्रिकेटच्या बातम्यांनी ब्रिटिश सवय उचलली. अमेरिकेत मात्र सहसा 'इज' च. पैज बरोबरीत सुटली असं समजा.

सीवूड्सची_सई

बरोबरी नको हो, बाहेर जेवायला कोण नेणार हे ठरायचंय.

सानपाड्याचा_सोन्या

जेवण सामाईक, बिलावर ॲपॉस्ट्रॉफी एस फक्त नवऱ्याला.

मुंब्रा_बायपास

सगळं ठीक आहे, पण मराठीचं काय? याच लोकांना 'मुलगा आणि मुलगी आले' की 'आली' विचारा, निम्मे गळपटतील. इंग्रजी क्रियापदासाठी क्लासची फी भरतात आणि मराठी क्रियापद वाऱ्यावर!

चष्मा_कुठे_ठेवला

'आली'. नपुंसकलिंगी अनेकवचन. आता निमाताईंच्या धाग्यावर परत येऊया का? त्या बिचाऱ्या पेटी, प्रतिभा आणि पार्किंगमध्ये हरवल्या असतील.

पाटी_पेन्सिल

मूळ प्रश्नाकडे येते. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. अशा प्रश्नांवर तशी सूचना असते. निमाताई, ती सूचना पहिल्या प्रश्नावर होती का बघा. नसेल तर तालिका चूक. आणि भांडायला नाही, विचारायला जा. पेपर सोबत न्या, मुलालाही न्या. त्याने स्वतः विचारलं तर सर जास्त ऐकतील.

घणसोली_अभ्यासिका

आणि शुल्क किती ते आधी विचारा.

ढोकाळीची_निमा

तीन दिवसांनी येतेय, मंडळी. सगळे प्रतिसाद वाचले, लेकालाही वाचून दाखवले. आंब्यांची पेटी त्याला इतकी आवडली की आता घरात प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणतो. तशी सूचना प्रश्नावर नव्हती.

काल संध्याकाळी दोघं गेलो. सर तरुण आहेत, तीन बॅच एकट्याने ओढतात, घसा बसलेला होता. मी काही बोलले नाही. लेकाने वही उघडली, 'कधीच हार न मानणाऱ्या गोलंदाजांपैकी तो एक' लिहिलं, 'गोलंदाजां' खाली रेघ मारली आणि विचारलं, 'सर, हार कोण मानत नाही?' सर वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, तालिका बाजारातल्या सरावसंचातून घेतली होती, तपासायला वेळ झाला नाही. पहिल्या प्रश्नाचा गुण सगळ्या 'गिव्ह' वाल्यांना दिला. 'गिव्ह्ज' वाल्यांचाही काढला नाही. म्हणाले, पालक फोन करतील.

दुसऱ्यावर मात्र अडले. सरावसंचाच्या प्रती सगळ्या मुलांकडे आहेत, तालिका छापलेली आहे, आता बदलायची कशी? बघतो म्हणाले.

निघताना दारापाशी फळा होता, त्यावर रविवारच्या 'पेरेंट्स मीटिंग' ची सूचना. ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी.

माजिवड्याचा_मुकादम

म्हणजे एकाच पालकाला बोलावलंय. तुम्हालाच असणार.

ढोकाळीची_निमा

मुकादम, लेकाने बोटाने तो पुसला आणि खडू घेऊन एसच्या पुढे दिला. मी जीव मुठीत धरून उभी. सरांनी बघितलं, काही बोलले नाहीत.

पाटी_पेन्सिल

'पालकांची सभा'. अनुस्वार आहे. जियो!

सानपाड्याचा_सोन्या

ते सगळं खरं, पण अजय-विजयच्या घराचं शेवटी काय झालं?

ढोकाळीची_निमा

आज सकाळी क्लासच्या ग्रुपवर सुधारित प्रश्न आला. तालिका तशीच आहे, वाक्य बदललंय: धीज आर ___ हाउसेस.

खाडीपलीकडचा

झाली वाटणी.